रांजणातल्या दुपारी

एका राज्यात एकदा शाप आला. तो राक्षसानं आणला नाही, सवतीनं आणला नाही, की कुण्या रागीट ऋषीनं कमंडलू झटकून दिला नाही. तो आणला हौसा विणकरणीनं, आणि तोही अगदी चांगल्या मनानं. हे कुणी तिच्या माघारी बोलत नाही. हे सगळं निस्तरल्यावर हौसा स्वतःच पाणवठ्यावर सांगायची, "बायांनो, मूर्ख माणसं जगात पुष्कळ आहेत. पण एका वाक्यात अख्खं राज्य बुडवणारी मीच. दुसरी असेल तर दाखवा, तिची ओटी भरीन."

त्याचं असं झालं. त्या राज्यात विणकरांची आळी होती आणि आळीची एक जुनी चाल होती. ज्यानं त्यानं रोज आपल्या उंचीएवढं कापड विणायचं. विणून झालं की डोक्यापासून टाचेपर्यंत अंगाला लावून बघायचं. पुरलं की माग झाकायचा, आडवं सूत नेणारा धोटा कोनाड्यात ठेवायचा आणि घरी जायचं. कापड राजाच्या कोठीत जाई, कोठीतलं धान्य घरी येई. कुणी कुणाला "लवकर" म्हणत नसे, कुणी कुणाला "आणखी" म्हणत नसे.

चाल चांगली होती, फक्त हौसाच्या मुळावर आली होती. हौसा अंगानं ताडमाड. चाळिशीला टेकली तरी घरात शिरताना रोज चौकटीवर कपाळ आपटायची आणि रोज चौकटीला शिव्या द्यायची. तिचा नवरा रंगोबा तिच्या खांद्याला लागायचा. त्याचं कापड ऊन उतरायला लागलं की पुरं व्हायचं, हिचं दिवेलागणीला. रंगोबाला वाद घालायची भारी आवड. समोर माणूस नसलं तर तो आढ्याशी वाद घाली, आणि दर वेळी आढंच हरे.

एका संध्याकाळी हौसा घरी आली, कपाळ आपटलं, आत बघते तर चूल थंड. रंगोबा बाजेवर आडवा.

"भात टाकला नाहीत?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"एवढंही सांगावं लागतं? काही गोष्टी माणसानं न सांगता समजून घ्यायच्या असतात."

"आणि समजण्यात चूक झाली तर?"

"भातात काय चूक व्हायचीय? तांदूळ, पाणी, विस्तव!"

वाद रंगात आला, पण रिकाम्या पोटी वादाला चव येत नाही. तो उद्यावर राहिला.

सकाळी उठून हौसा तडक आळसनाथाकडे गेली. आळसनाथ हा त्या राज्याचा मांत्रिक. टेकडीवरच्या पडक्या देवळामागे सावलीत आडवा पडलेला असे. दाढीत चिमणीनं घरटं केलेलं. मंत्र म्हणायला उठून बसावं लागतं, म्हणून तो सगळी जादू पायाच्या करंगळीनं करी.

"बाबा," हौसा म्हणाली, "आमच्या आळीतल्या सगळ्यांचे हात तिप्पट चालू देत."

बघा, एकटीसाठी नाही मागितलं. मन मोठं होतं. डोकं मात्र आदल्या संध्याकाळी चौकटीवर जरा जोरात आपटलं होतं.

"आणखी काही?" आळसनाथानं विचारलं.

"नाही, एवढंच."

आळसनाथानं करंगळी हलवली.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या धोट्यांना जणू पंख फुटले. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळ्यांची कापडं पुरी झाली. माणसं भर दुपारी घरी आली आणि आपापल्या दारात खोळंबून उभी राहिली. दुपार एवढी मोठी असते हे कुणाला माहीतच नव्हतं. कुणी आपल्या मुलांची नावं एकदा नीट विचारून घेतली. कुणी गळकं छप्पर शाकारलं नाही, नुसतं खाली बसून बघितलं. हौसानं भात टाकला, रंगोबासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं. परवाचं पुरं करू या."

रंगोबानं मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "हे बघ..."

तेवढ्यात चौकात नगारा वाजला.

चौकात प्रधान दीर्घदंड उभे होते. त्यांच्या मागे महाराज अखंडसिंहांचा दगडी पुतळा, साडेदहा हात उंच. महाराजांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं. पुतळा सगळ्यांनी पाहिला होता. न पाहून जाणार कुठं?

"प्रजाजनहो," दीर्घदंड म्हणाले, "भर दुपारी घरी? राज्य कुणाचं?"

"महाराजांचं," लोक म्हणाले.

"मग राज्यातले हात कुणाचे? आजपासून प्रत्येकानं आपल्या उंचीएवढं नव्हे, महाराजांच्या उंचीएवढं कापड विणायचं. आणि महाराजांची उंची ही." असं म्हणून त्यांनी काठी पुतळ्याच्या मुकुटाला लावली.

माप अगदी चोख बसलं. तिप्पट हात, तिप्पट कापड, आणि घरी यायचं ते पुन्हा दिवेलागणीलाच. धान्य मात्र पूर्वीएवढंच. कारण, प्रधान म्हणाले, पोटं काही तिप्पट झालेली नाहीत. पुढं दर दसऱ्याला पुतळ्याच्या मुकुटावर एकेक थर चढू लागला. महाराज वाढत होते. राजानं वाढू नये असं कोण म्हणणार?

अशी सात वर्षं गेली. राजाच्या कोठीत कापडाचे डोंगर झाले. डोंगरांवर कबुतरं राहू लागली. विणकरांच्या अंगावर मात्र ठिगळाला ठिगळ.

आणि शाप होता तो असा. माणसाची मिळालेली दुपार दुसऱ्यानं नेली की त्याचे शब्द गळतात. पिकली पानं गळावी तसे, आवाज न करता. आधी लांबलचक शब्द गेले, मग म्हणी गेल्या, मग गाणी गेली. शिव्या जायला लागल्या तेव्हा कुठं लोक घाबरले. हौसाचे शब्द टिकले, कारण ती मागावर बसून दिवसभर स्वतःलाच बोल लावत असे, आणि वापरातला शब्द सहसा गळत नाही. पण रंगोबाला वादाला समोर कुणीतरी लागायचं. मागासमोर ना माणूस, ना आढं. त्याचे शब्द भराभर गळाले. सातव्या दसऱ्याला दोन दिवस राहिले, तेव्हा त्याच्यापाशी नऊ शब्द उरले होते. नवा थर चढला की तेही जाणार आणि जन्मभर परत येणार नाहीत, असं आळी समजून होती. शेजारच्या भिवाचे गेल्या दसऱ्याला असेच गेले. तो तेव्हापासून फक्त मान हलवायचा, आणि तीही एकाच बाजूला.

हौसाला नवऱ्याची गोड बोलणी नको होती; ती तिला पूर्वीही कधी मिळाली नव्हती. तिला ते अर्धं राहिलेलं भांडण हवं होतं. "हे बघ" च्या पुढं काय होतं, ते तिला ऐकायचं होतं. सात वर्षं ती त्याच्यावर उत्तरं तयार करून बसली होती.

आता, आळीची आणखी एक चाल होती. धोटा मोडला की मागाला तीन दिवस सुतक. तीन दिवस कुणी मागाला शिवायचं नाही, विणकरानं तिकडं फिरकायचं नाही. प्रधानांनी बाकी सगळ्या चाली मोडल्या, पण सुतकाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. मागाचं सुतक मोडणाऱ्याचं धोतर चारचौघांत सुटतं, अशी समजूत होती, आणि प्रधानांचं चारचौघांत जाणं फार.

हौसानं धोटा उचलला, त्याला नमस्कार केला आणि त्यावर वरवंटा घातला. मग आळीभर ऐकू जाईल असा गळा काढला. रडणं जरा जास्तच झालं, असं तिला मागाहून वाटलं.

टेकडीवर आळसनाथ त्याच कुशीवर होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"तू मागितलंस ते."

"मी हात तिप्पट मागितले. उरलेला वेळ आमचा, हे काय निराळं सांगायला हवं होतं?"

"सांगितलं नव्हतंस."

हे वाक्य हौसानं कुठंतरी ऐकलं होतं.

"उरलेल्या वेळेला धनी नव्हता," आळसनाथ म्हणाला. "पाण्याला कुणी बांध घातला नाही की ते उताराला जातं. तुमच्या दुपारी राजवाड्याच्या तळघरात गेल्या. तिथं रांजणांत भरून आहेत."

"मग मंत्र मागे घ्या."

"उठावं लागेल." नुसत्या विचारानं त्याला दम लागला. "आणि दिलेला मंत्र मागे येत नाही. राहिलेलं वाक्य मात्र जोडता येतं. ज्याच्यापाशी दुपारी साठल्या, त्यानं आपल्या तोंडानं म्हणायचं, 'उरलेला वेळ करणाऱ्याचा.' राजवाड्याला तीन दारं. पहिलं उघडतं, घाई केली की नासते अशा वस्तूला. दुसरं उघडतं, 'पुरे' म्हणणाऱ्याला. तिसऱ्याआड राजा. ते दार उघडंच असतं, पण राजाची खरी उंची मोजल्याशिवाय ते वाक्य त्याच्या तोंडून निघायचं नाही."

"त्यात काय, चौकात पुतळा आहे की."

"बाई," आळसनाथ म्हणाला, "मी राजा म्हणालो." आणि त्यानं डोळा मिटला. एकच उघडला होता.

घाई केली की नासते अशी वस्तू कुठली? हौसानं वाटेत विचार केला. लोणचं मुरायला वर्ष लागेल. मूल व्हायला नऊ महिने, आणि या वयात आळी हसेल ती वेगळीच. शेवटी तिला सुचलं. दही! घरी येऊन तिनं मडक्यात कोमट दूध घातलं, विरजण लावलं, झाकण ठेवलं आणि समोर बसली.

पण हात तिप्पट चालणारे. त्यांनी अकरा वेळा झाकण उचललं. ऊन कलताना मडक्यात दूधही नव्हतं आणि दहीही नव्हतं, नुसता पश्चात्ताप होता. तिनं पुन्हा विरजण लावलं. या खेपेला एकदाच बघायचं ठरवलं आणि एकदाच बघितलं, पण पळी घालून.

रंगोबा घरी आला. मडक्याजवळ गेला, वास घेतला.

"नासलं," म्हणाला.

नऊ शब्दांतला एक बायकोची चूक काढायला कामी आला, याचं त्याला समाधान वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापाशी चार शब्द होते. त्यानं चार बोटं दाखवली. हौसानं तिसऱ्यांदा विरजण लावलं आणि झाकणाकडे हात नेला, तोच रंगोबानं तिचे दोन्ही हात धरले. ताण्याचा एक लांब धागा घेऊन त्यानं तिच्या मनगटांना विणकरी गाठ मारली. ती गाठ अशी की घाईनं ओढली तर आवळते, सावकाश सोडली तर सुटते. मग तो आपल्या मागावर गेला. हौसा मडक्यासमोर बसून राहिली. सात वर्षांत पहिल्यांदा तिचे हात स्वस्थ होते. सुरुवातीला तिला ते मेल्यासारखे वाटले, मग झोपल्यासारखे, मग आपले वाटले. दुपारी तिनं सावकाश दातांनी गाठ सोडली, धागा कनवटीला लावला, झाकण उचललं. मडकं उपडं केलं तरी सांडणार नाही असं दही लागलं होतं.

आता 'पुरे' म्हणणारा. हौसानं डाळीचे लाडू टोपलीत घेतले आणि बाजार गाठला. कोठीवाल्यानं पाच घेतले आणि "आणखी?" म्हणाला. पैलवानानं बारा घेतले आणि "आणखी?" म्हणाला. सर्वसंगपरित्याग केलेल्या एका गोसाव्यानं सात घेतले आणि टोपलीही मागितली. त्या राज्यातून 'पुरे' हा शब्द सगळ्यांच्याच तोंडून गळाला होता. हौसा तळ्याकाठी जाऊन बसली आणि विचार करता करता उरलेले लाडू तिनंच संपवले. तिलाही आणखी हवे होते.

समोर फांदीवर एक खंड्या बसला होता. निळा, लांब चोचीचा, कशाचंच काही न वाटणारा.

"लाडू संपले रे बाबा," हौसा म्हणाली. "तू काय खातोस?"

"मासे," खंड्या म्हणाला.

तिप्पट हातांना मासा काय अवघड? हौसानं पाण्यात हात घालून एक काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. खंड्यानं तीन खाल्ले. तिनं चौथा पुढं केला.

"पुरे," खंड्या म्हणाला.

हौसाच्या अंगावर काटा आला. "हा बघ तरी, कसा चांदीसारखा आहे!"

"मासा चांदीचा असला तरी पोट कातड्याचंच आहे. पुरे म्हटलं, बाई."

"दिवसभर करतोस तरी काय?"

"तीन बुड्या मारतो. मग बसतो."

"आणि प्रधान काही म्हणत नाहीत?"

"त्यांना पोहता येत नाही."

"माझ्याबरोबर राजवाड्यात येशील?"

"उद्या सकाळी येईन," खंड्या म्हणाला. "दुपारी मी कामं घेत नाही."

तिसरा दिवस उजाडला. दसरा. चौकात नव्या थराचे दगड येऊन पडले होते. रंगोबानं हौसासमोर एकच बोट धरलं.

"एकच उरला?" हौसानं विचारलं. "कुठला हो?"

रंगोबानं ओठ घट्ट मिटून घेतले. बोलता बोलता गळून जाईल म्हणून तो तोंडच उघडेना. हौसाच्या मनात आलं, सात वर्षं जपून ठेवलेला एक शब्द. आपलं नाव तर नसेल? तिला एकदम लाज वाटली. लाजेच्या भरात ती बाहेर निघाली आणि चौकटीवर कपाळ आपटलं.

एका हातात दह्याचं मडकं, खांद्यावर खंड्या, अशी ती राजवाड्याशी आली. बाहेर सकाळ होती. कुंपणाच्या आत पाऊल टाकलं आणि भर दुपार झाली. पहारेकरी भाल्याला टेकून घोरत होते. माश्या हवेतच झोपल्या होत्या.

"दुपारी मी कामं घेत नाही, म्हटलं होतं," खंड्या म्हणाला.

"आता आत आलास, तर आलास."

"फसवलंस, बाई."

पहिल्या दारावर दगडी मगर होती. तिनं मडक्यात नाक घातलं, दह्याच्या कवडीत आपलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "हे घाईत झालेलं नाही. जा." दार उघडलं.

दुसऱ्या दारावर दगडी वाघ होता. त्याच्या जबड्यातून मोती पडत होते. येईल त्याला तो म्हणे, "घे," आणि जोवर येणारा घेत राही तोवर दार बंद राही. उंबऱ्याशी सात माणसं वर्षानुवर्षं वाकून मोती वेचत होती. हौसाही वाकली. फक्त एक, नथीपुरता. मग एक कानापुरता. मग दुसरा कान राहिला म्हणून आणखी एक. तेवढ्यात खांद्यावरून आवाज आला.

"पुरे."

वाघानं जबडा मिटला. "हा शब्द ऐकायला कान आसुसले होते," तो म्हणाला. "माझे दात दुखायला लागलेत." दार उघडलं. हौसानं तीन मोती खाली ठेवले. जड मनानं ठेवले, पण ठेवले.

तिसरं दार उघडंच होतं. आत महाराज अखंडसिंह सिंहासनावर बसले होते. समोर वाढलेलं ताट. शेजारी प्रधान दीर्घदंड, काठी धरून.

"कोण?" राजानं विचारलं.

"हौसा विणकरीण, महाराज."

"बाहेर संध्याकाळ झाली का?"

"रोज होते, महाराज."

"रोज!" राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्याकडे सात वर्षं झालेली नाही. जेवतो ते दुपारचं. वामकुक्षीला पडतो, ती संपतच नाही. मग ताजेतवाने व्हायचं तरी केव्हा? राणीसाहेब कंटाळून माहेरी गेल्या. म्हणाल्या, संध्याकाळ झाली की निरोप पाठवा."

"हे वैभव आहे, महाराज," प्रधान म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या राजाकडे एवढ्या दुपारी नाहीत."

हौसानं मडकं पुढं केलं. राजानं सात वर्षांच्या कोमट भातावर ते गार दही घातलं, एक घास घेतला, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे पुरते उघडले.

"माग," राजा म्हणाला.

"आपली उंची मोजायचीय, महाराज."

"महाराजांची उंची चौकात आहे!" प्रधान कडाडले.

"चौकात आहे ती दगडाची," हौसा म्हणाली आणि तिनं कनवटीचा धागा काढला.

राजा सिंहासनावरून उतरला. उतरला म्हणजे त्यानं उडी मारली. पाय जमिनीला पोचत नव्हते. तो रंगोबापेक्षाही दोन बोटं बुटका होता. खांबाला पाठ लावून, हनुवटी वर करून तो उभा राहिला. हौसानं डोक्यापासून टाचेपर्यंत धागा धरला. मग तो राजाच्या हातानं मोजला. ज्याचं अंग त्याचाच हात, अशी आळीची रीत.

"साडेतीन हात, महाराज."

राजाचा चेहरा उतरला. "साडेतीनच?"

"माझीही साडेतीनच. माझ्या हातानं."

"तू तर ताडासारखी आहेस."

"हातही तसेच आहेत, महाराज."

राजानं प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी टाचा उचलल्या तेव्हा पावणेचार भरले, टेकवल्या तेव्हा साडेतीन. खंड्याला हात नव्हते, म्हणून तो सुटला.

राजा धाग्याकडे पाहत राहिला. "म्हणजे आम्ही यांच्याकडून रोज आमच्याएवढं कापड घेत नव्हतो?"

"पुतळ्याच्या मुकुटापर्यंतचं घेत होतात, महाराज. आणि वर आमची दुपार."

"महाराज!" प्रधान म्हणाले. "ही माणसं दुपारी घरी गेली तर राज्य वाढणार कसं?"

"प्रधानजी," राजा म्हणाला, "आम्ही सात वर्षं दर दसऱ्याला एक थर वाढतो आहोत. सिंहासनावरून अजून पाय पोचत नाहीत."

मग तो हौसाकडे वळला. "काय म्हणायचं आहे?"

हौसानं सांगितलं. या खेपेला तिनं पुरतं सांगितलं. दोनदा सांगितलं, आणि समजलं का असंही विचारलं.

राजा मोठ्यानं म्हणाला, "उरलेला वेळ करणाऱ्याचा."

तळघरात एक रांजण तडकला. मग दुसरा. मग हजारो. पिवळ्या, उबदार दुपारी, वाळवणाचा वास येणाऱ्या, जिने चढून वर आल्या आणि पुरासारख्या दाराकडे धावल्या.

"सगळ्या एकदम नकोत," खंड्या म्हणाला. "रोज एक. पुरे."

दुपारी थबकल्या, रांगेत उभ्या राहिल्या. पहिली तेवढी बाहेर गेली. राजवाड्यातलं ऊन सात वर्षांनी किंचित कललं. राजानं सेवकाला हाक मारली, "राणीसाहेबांना निरोप द्या. म्हणावं, झालीच आता."

मग राजानं तीन आज्ञा केल्या. ज्यानं त्यानं आपल्या हातानं साडेतीन हात कापड विणायचं आणि घरी जायचं. कोठीतलं सात वर्षांचं जादा कापड ज्यानं विणलं त्याच्या घरी पोचवायचं. आणि पुतळ्याचे थर प्रधानांनी स्वतः उतरवायचे, दिवसाला एक.

"मी आज एका दिवसात सगळे उतरवतो, महाराज!" दीर्घदंड म्हणाले.

"एकच. ऊन डोक्यावर आलं की थांबायचं."

"मग दुपारभर काय करू?"

"बसा," राजा म्हणाला. प्रधानांना त्याहून मोठी शिक्षा त्या राज्यात कुणाला आठवत नाही.

हौसा आळीत आली, तेव्हा आळी ओळखू येत नव्हती. सगळीकडे कलकल. शब्द परत आले होते आणि लोक आधी सगळ्या शिव्या वापरून बघत होते. भिवा बायकोला सात महिन्यांपूर्वीच्या एका गोष्टीबद्दल नाही म्हणत होता, आणि मानही आता दोन्ही बाजूंना हलत होती. फक्त हौसाला नवा हिशोब कळला होता: साडेतीन हात, आपल्या हातानं. म्हणजे आळीत सगळ्यांत जास्त कापड पुन्हा तिलाच विणायचं होतं. एवढा खटाटोप करून ती होती तिथंच आली होती. फक्त तिथं दुपार होती.

तिनं घरात पाऊल टाकलं आणि कपाळ आपटलं. रंगोबा बाजेवर बसला होता, आढ्याकडे बघत.

हौसा त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "सात वर्षं धीर झाला नाही. ते हात मीच मागितले होते. आळसनाथाला म्हटलं, तिप्पट चालू देत. उरलेला वेळ आमचा, तेवढं सांगायचं राहिलं. मला वाटलं, तो समजून घेईल. तुमच्याशी भांडून गेले होते ना, काही गोष्टी न सांगता समजून घ्यायच्या असतात म्हणून."

रंगोबानं आढ्यावरची नजर तिच्याकडे वळवली.

"हसा आता. नाहीतर भांडा. 'हे बघ' च्या पुढं काय होतं ते तरी सांगा. माझ्यापाशी सात वर्षांची उत्तरं तयार आहेत."

रंगोबानं मिशीवरून हात फिरवला.

"बरं, तेही राहू द्या," हौसा म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "तो शेवटचा एक शब्द राखून ठेवला होतात. तो कुठला, एवढं तरी सांगाल?"

रंगोबानं घसा साफ केला.

"भात," तो म्हणाला. "टाकलाय."